दोन बाटल्या, एक दावा

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या व्यायामशाळांत आता अकरावी-बारावीची मुलेही जातात. ताकदीसाठी म्हणून दोन तऱ्हेच्या बाटल्या त्यांच्यापुढे येतात. एकीत जस्त-मॅग्नेशियम, दुसरीत अश्वगंधा-गोखरू. दावा मात्र एकच: 'टेस्टोस्टेरॉन वाढते.' हा दावा आपण तपासून पाहू.

जस्ताची बाजू प्रथमदर्शनी भक्कम वाटते. १९६०च्या दशकात डॉ. आनंद प्रसाद यांनी इराण व इजिप्तमधील वाढ खुंटलेल्या, वयात न आलेल्या तरुणांचा अभ्यास करून जस्ताच्या कमतरतेकडे लक्ष वेधले. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात मोजक्या निरोगी तरुणांना २० आठवडे कमी जस्ताचा आहार दिला, तेव्हा त्यांचे टेस्टोस्टेरॉन सुमारे एक चतुर्थांशावर आले. पण यावरून कमतरता वाईट एवढेच कळते. भरल्या माठात आणखी पाणी ओतून काय होणार? आहारातून पुरेसे जस्त मिळणाऱ्या पुरुषांना २००७ साली वरून जस्त देऊन पाहिले. टेस्टोस्टेरॉन वाढले नाही. लघवीतून बाहेर पडणारे जस्त मात्र वाढले.

वनस्पतींचे गणित निराळे आहे. त्या उणीव भरून काढत नाहीत, औषधासारखे काम करतात. म्हणून त्यांची परीक्षाही औषधासारखीच हवी. २०१५ साली ५७ पुरुषांवर ८ आठवडे झालेल्या प्रयोगात अश्वगंधा घेणाऱ्यांचे टेस्टोस्टेरॉन तुलनेच्या गटापेक्षा अधिक वाढले. पण गट लहान, मुदत थोडी. शिवाय आधीचा आकडा निरोगी मर्यादेतला आणि नंतरचाही. गोखरूची गोष्ट याहून साधी. २००७ साली ऑस्ट्रेलियातील २२ रग्बी खेळाडूंवर ५ आठवडे प्रयोग झाला, पण गोखरू घेणाऱ्यांच्या ताकदीत वेगळी भर पडली नाही.

'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक, हेही खरे नाही. अश्वगंधेनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. जस्त अति झाले की तांब्याचे शोषण अडते.

म्हणून 'खनिज की वनस्पती?' हा प्रश्नच आम्हाला चुकीचा वाटतो. कोणाला दिले, किती दिले, कशाशी तुलना केली, हे प्रश्न विद्यार्थ्यांनी लेबल वाचताना विचारावेत. सोळा-सतरा वर्षांच्या निरोगी मुलाचे टेस्टोस्टेरॉन बाटलीवाचून वाढतच असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी रोज १७ मिलिग्रॅम जस्त सांगितले आहे. कडधान्यांतले फायटेट जस्ताच्या शोषणात अडथळा आणते. मोड आणल्यावर ते कमी होते. मटकीची उसळ ही त्या दृष्टीने चांगली सुरुवात आहे.