हाताचे अक्षर आणि छोटा अंक

मराठी लघुनियतकालिकांचा इतिहास आपण कवींच्या नावांनी सांगतो. कोणी कोणावर तुटून पडले, कोणाची कविता कुठे नाकारली गेली, कोणते प्रतिष्ठित मासिक रस्त्यावर जाळले गेले, हे सगळे नोंदलेले आहे. अंकाचे नाव कोणी रेखाटले, मथळ्याची वेलांटी कोणाच्या हातून वळली, हे मात्र क्वचितच कुठे लिहिलेले सापडते. या चळवळीचे मूल्यमापन करताना आपण अर्धीच वस्तू तपासत आलो आहोत, असे माझे मत आहे.

इंग्लंडमध्ये 1976 साली मार्क पेरी नावाच्या बँकेतल्या तरुण कारकुनाने ‘स्निफिन ग्लू’ काढले. टाइपरायटरवर बडवलेला मजकूर, जाड पेनाने हाताने लिहिलेले नाव आणि झेरॉक्सच्या प्रती, एवढाच त्याचा थाट. पंक संगीताभोवती उगवलेल्या अशा घरगुती अंकांना ‘झीन’ म्हणतात. त्याच सुमारास जेमी रीडने सेक्स पिस्टल्स या पंक बँडसाठी वर्तमानपत्रांतून कापलेली अक्षरे चिकटवून मथळे जुळवले आणि ते त्या संगीताइतकेच प्रक्षोभक ठरले. त्या अंकांत अक्षर हे मजकुराचे वेष्टन नव्हते, भांडणातला एक पक्ष होते. आपल्याकडे असे घडले का, याचे उत्तर शोधायला मुंबईच्या आधी औंध संस्थानात जावे लागते.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांचे ‘चित्ररामायण’ 1916 साली छापून निघाले आणि 1938 साली त्यांनी औंधला चित्रसंग्रहालय उभे केले. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले चित्रकार. लाहोरचा स्टुडिओ सोडून ते औंधला आले, स्वाध्याय मंडळ काढले आणि स्वतःचा छापखाना चालवून वेदग्रंथ छापू लागले. संस्थान तुकड्यातुकड्यांचे, आजच्या सातारा-सांगलीत विखुरलेले. त्यातल्याच कुंडलच्या माळावर 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना राजाने कारखान्यासाठी जागा दिली आणि किर्लोस्करवाडी वसली. लक्ष्मणरावही आधी जे. जे.मध्ये गेले होते. काही रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून चित्रकला सुटली आणि ते यंत्रांकडे वळले.

याच वाडीतून 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. शंकररावांचे शिक्षण चित्रकलेचे आणि कारखान्यात त्यांच्याकडे जाहिरातीचे काम. नांगर विकण्यासाठी चित्र काढणारा, मजकूर लिहिणारा आणि अंक जुळवणारा माणूस एकच होता. पुढे त्याच पत्रकाचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि नंतर ‘मनोहर’ निघाले, हे सर्वांना ठाऊक आहे. मला महत्त्वाची वाटते ती त्याआधीची अवस्था, कारखान्याच्या आवारातून निघणाऱ्या छोट्या पत्रकाची. तो अंक बंडखोर नव्हता, यंत्रे विकत होता. पण जाहिरात, चित्र, अक्षर आणि मत हे सगळे एकाच टेबलावर, मोठ्या शहरापासून दूर घडू शकते, हे त्याने दाखवून दिले.

दुसरी परंपरा याहून गरीब आणि माझ्या दृष्टीने अधिक मोलाची. शाळेची, वाचनालयाची, गणेशोत्सव मंडळाची हस्तलिखिते आणि कॉलेजच्या व्हरांड्यातली भित्तिपत्रके. हस्तलिखिताची प्रत एकच. वर्गातल्या सुंदर अक्षराच्या मुलाकडे मथळे येत, ज्याचा हात चित्रात चालतो त्याच्याकडे मुखपृष्ठ. पोस्टर कलर, बोरू, काळी शाई आणि ड्रॉइंग पेपर, एवढ्यात अंक उभा राहायचा. हायस्कूलच्या हस्तलिखितात नाव काढणारा मुलगा पुढे चौकात पेंटर म्हणून बसला, अशी उदाहरणे आपल्याकडच्या बहुतेक तालुक्यांच्या गावी ऐकायला मिळतील. मराठीतला अस्सल झीन म्हणून मी बोट ठेवीन ते या हस्तलिखितांवर. त्यांचा संग्रह कोणी नीट केला नाही. कित्येक रद्दीत गेली आणि त्यांच्याबरोबर आपल्या अक्षरकलेची शाळाही गेली.

मुंबईत 1954 साली दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ काढले ते सायक्लोस्टाइलवर. मेणकागदावर टोकदार लेखणीने कोरले की शाई त्या चरांतून उतरते; म्हणजे हाताने काढलेली कोणतीही रेघ छापता येते, खिळ्यांची आणि ब्लॉकची गरज नाही. ही केवढी मोकळीक होती! साठच्या दशकात अशोक शहाणे यांचे ‘असो’ आले, मग राजा ढाले यांचे ‘येरू’ आणि पुढे बरेच अंक. या मंडळींनी मराठी वाक्य मोडून नव्याने बांधले. अक्षराच्या बाबतीत तेवढे धाडस झाले का? माझे उत्तर नकारार्थी आहे. पैसे कमी, छापखान्यात जे खिळे असतील ते, आणि भाषेचा झगडाच इतका मोठा की रूपाकडे बघायला उसंत नव्हती. कारणे समजण्यासारखी आहेत. तरी ज्या प्रस्थापिताविरुद्ध बंड होते, त्याच्याच टाइपात बहुतेक बंड छापले गेले, हे नोंदवायला हवे.

अपवाद मोठे आहेत. कोलटकर जाहिरात क्षेत्रातले नामांकित डिझाइनर. 1976 साली क्लिअरिंग हाऊस या प्रकाशनाने काढलेल्या आपल्या ‘जेजुरी’ या कवितासंग्रहाचे रूप त्यांनीच घडवले आणि पुढे शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाची पुस्तके हातात घेतली की कळते, तिथे पानाचा कोरा भागसुद्धा विचार करून सोडलेला असतो. दुसरे र. कृ. जोशी. कवी, सुलेखनकार, जाहिरातसंस्थेतले कलादिग्दर्शक आणि नंतर पवईच्या आयआयटीत अक्षररचना शिकवणारे अध्यापक. अक्षरांच्या आकारातूनच कविता उभी करण्याचे प्रयोग त्यांनी केले. आज लाखो संगणकांवर दिसणारा ‘मंगल’ फॉण्ट त्यांचाच. तिसरे उदाहरण वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेचे. शहाण्यांनी ती पोस्टर म्हणून छापली होती. कविता पुस्तकातून भिंतीवर आली. तिच्या पुनर्मुद्रणावरचा अश्लीलतेचा खटला 2015 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, हा त्या कवितेचा पुढचा इतिहास.

मात्र हे सगळे जे. जे. आणि जाहिरातसंस्थांच्या वर्तुळात घडले. नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांनी प्रत्येक नाटकाला त्याचे स्वतंत्र अक्षर दिले, तेही मुंबईच्या वृत्तपत्रसृष्टीत. कऱ्हाड, विटा, रहिमतपूर, आटपाडीच्या चौकातला पेंटर या वर्तुळाच्या बाहेरच राहिला. कवीने त्याला अंकाचे नाव काढायला बोलावले नाही आणि त्यानेही ते आपले काम मानले नाही. माझी मुख्य तक्रार हीच आहे. कुस्तीच्या मैदानाची, तमाशाच्या फडाची, यात्रेची, निवडणुकीची अक्षरे ज्याने काढली, ज्याचे लिखाण सारा तालुका रोज येता-जाता वाचत होता, तो आपल्या साहित्यिक बंडाला दिसलाच नाही.

त्या पेंटरचे काम कसे चालायचे, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. आधी भिंतीवर चुन्याचा हात. मग निळीत बुडवलेली दोरी दोन टोकांना ताणून मधे उचलून सोडायची. सूत मारले की सरळ निळी रेघ उमटते. खडूने अंदाज घ्यायचा. देवनागरीत हा अंदाज अवघड, कारण अक्षरांची रुंदी सारखी नसते, वर रफार आणि मात्रा, खाली उकार, आणि या सगळ्यांना जागा ठेवून शेवटचे अक्षर भिंतीच्या कडेला चेंगरू द्यायचे नाही. चपट्या ब्रशने उभे दंड, बारीक ब्रशने वळणे, मग कडा साफ करायच्या आणि शेवटी शेड. शेड एकाच बाजूला पडली पाहिजे, नाहीतर अक्षर डगमगल्यासारखे दिसते. पत्र्याच्या बोर्डावर अस्तर, त्यावर ऑइल पेंट, आणि हात टेकायला काठी. हे करताना ‘ल’ दोन गोलांचा आणि ‘श’सुद्धा मराठी वळणाचाच निघायचा. शासनाला 2009 साली निर्णय काढून मराठी वर्णमालेतली ही रूपे निश्चित करावी लागली. पेंटरच्या हाताला ती आधीपासून ठाऊक होती. आज बाजारात हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ सर्रास दिसतात, कारण हाताची जागा संगणकात आधीपासून बसवलेल्या फॉण्टने घेतली.

ही कला फक्त फ्लेक्सने मारली असे सरसकट म्हटले जाते. फ्लेक्स हे मोठे कारण आहेच; एका रात्रीत फोटोसकट बॅनर छापून मिळू लागल्यावर तीन दिवसांच्या कामाला कोण थांबणार? पण 1995 चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायदाही आला आणि परवानगीवाचून भिंत रंगवणे गुन्हा ठरले. भिंती स्वच्छ राहाव्यात हे योग्यच. त्या बदल्यात पेंटरला दुसरी भिंत मात्र कोणी दिली नाही. त्यापुढची घटना मला जास्त खटकते. दुकानांच्या मराठी पाट्यांची सक्ती 2022 मध्ये सर्वच दुकानांना लागू झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2023 मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली. मराठी अक्षराला एवढी मागणी एकदम क्वचितच आली असेल. ती कशाने भागली? ॲक्रिलिकच्या कापीव अक्षरांनी आणि एलईडीने. कायद्याने अक्षराचा आकार इंग्रजीपेक्षा लहान नको म्हटले; ते कसे दिसावे, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

जतनाचे काही प्रयत्न झाले. हनीफ कुरेशी यांनी देशभरच्या पेंटरांची अक्षरे घेऊन, त्यांच्या नावांसह, फॉण्ट तयार करण्याचा प्रकल्प चालवला. 2024 मध्ये ते अकाली गेले. मुंबईच्या ‘एक टाइप’ने ‘मुक्त’ आणि ‘बलू’ यांसारखे उत्तम देवनागरी फॉण्ट विनामूल्य दिले. या कामाबद्दल मला आदर आहे. तरी फॉण्ट झाला म्हणजे कला वाचली, असे मी मानत नाही. पेंटर प्रत्येक वेळी ‘क’ थोडा निराळा काढतो, कारण शेजारचे अक्षर निराळे असते. फॉण्टमध्ये एक ठरलेला ‘क’ राहतो.

आणि झीन? ‘बॉम्बे अंडरग्राउंड’सारख्या मंडळींनी मुंबईत झीनचे उत्सव भरवले, धारावीतल्या मुलांबरोबर काम केले. तरुण मुलेमुली घडी घातलेल्या एका कागदावर जात, शरीर, शहर, प्रेम यांविषयी निर्भयपणे लिहितात. मला ते अंक आवडतात. खंत एवढीच की त्यांत मराठी थोडी, आणि असली तरी अनेकदा संगणकाच्या पहिल्या फॉण्टमध्ये. इंग्रजी अक्षर हाताने वाकडेतिकडे काढायचे धैर्य असणारा कलावंत देवनागरीपाशी आला की बिचकतो. शिरोरेषा मोडायला त्याला भीती वाटते. ही भीती घालवणारा गुरू कलाशाळेतच भेटेल असे नाही, तो कदाचित तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर बसलेला आहे.

म्हणून छोटा अंक काढणाऱ्या प्रत्येकाला, आणि दिवाळी अंकांच्या संपादकांनाही, माझी विनंती आहे. पुढच्या अंकाचे नाव आपल्या गावच्या पेंटरकडून काढून घ्या. त्याला विषय सांगा, मजकूर वाचून दाखवा, मागेल ती मजुरी द्या आणि श्रेयनामावलीत संपादकाच्या शेजारी त्याचे नाव छापा. आणि कुणाच्या माळ्यावर शाळेचे जुने हस्तलिखित असेल, तर ते रद्दीत देण्याआधी जवळच्या वाचनालयाला विचारा.