कवटीच्या तळावरील एंडोस्कोपिक शस्त्रक्रिया : ‘अल्प-आघाती’ या संज्ञेची चिकित्सा

गेल्या काही दशकांत शल्यचिकित्साविषयक लेखनात ‘अल्प-आघाती’ हे विशेषण इतके रूढ झाले आहे की, त्याचा अर्थ तपासण्याची आवश्यकता सहसा कोणास वाटत नाही. कवटीच्या तळावरील अर्बुदे एंडोस्कोपच्या साहाय्याने नाकपुडीवाटे काढण्याच्या पद्धतीस तर ते सर्रास लावले जाते. चेहऱ्यावर व्रण नाही, कवटी उघडावी लागत नाही, एवढ्यावरून आघात अल्प ठरविणे कितपत युक्त आहे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. नाकाचा मार्ग नवा नाही. १९०७ साली हेर्मान श्लोफर यांनी इन्सब्रुक येथे याच वाटेने पीयूषिका ग्रंथीचे अर्बुद काढले. हार्वे कुशिंग यांनी १९१० ते १९२५ या काळात वरच्या ओठाच्या आतून छेद घेऊन २३१ शस्त्रक्रिया केल्या आणि नंतर तो मार्ग सोडून ते कवटी उघडण्याकडे वळले. एवढ्या अधिकारी शल्यविशारदाने हाती आलेली वाट सोडावी, ही घटना बोलकी आहे. तिच्या कारणांची चर्चा आजही होते. परंतु खोल व अरुंद विवरातील अपुरा प्रकाश ही त्या काळची मोठी अडचण होती, यात संशय नाही. एडिनबर्गचे नॉर्मन डॉट, पॅरिसचे जेरार गियो आणि माँट्रियलचे ज्यूल हार्डी यांनी हा मार्ग जिवंत ठेवला. संगीतातील घराण्याप्रमाणे ही विद्या एकाकडून दुसऱ्याकडे प्रत्यक्ष शिकवणीतूनच गेली. हार्डी यांनी १९६०च्या दशकात तिला सूक्ष्मदर्शकाची जोड दिली.

तात्पर्य, एंडोस्कोपने वाट दिली नाही, दृष्टी दिली. सूक्ष्मदर्शकाचा डोळा विवराबाहेर राहून सरळ रेषेत पाहतो. हॉपकिन्स यांच्या दंडाकृती भिंगांवर आधारलेला एंडोस्कोप तो डोळा आत नेतो आणि तिरप्या भिंगामुळे आडोशामागील भागही दाखवितो. १९९७ मध्ये पिट्सबर्ग येथील जो व काराउ यांनी ५० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. २००५ मध्ये त्याच शहरातील कसाम, स्नायडरमन व काराउ यांनी हा मार्ग कवटीच्या तळाच्या पुढील टोकापासून मानेच्या सांध्यापर्यंत विस्तारला. मस्तिष्कस्तंभाच्या पुढे वाढणाऱ्या कॉर्डोमासारख्या अर्बुदांत तंत्रिका न हलवता समोरून पोहोचता येते, हा या पद्धतीचा निर्विवाद गुण होय.

मात्र येथेच संज्ञा अडखळते. विस्तारित मार्गात नाकाच्या पडद्याचा मागील भाग काढला जातो, अस्थी कोरली जाते, मेंदूचे आवरण उघडले जाते. निर्जंतुक नसलेले नाक आणि मस्तिष्कमेरुद्रव यांच्यात उरते ती केवळ शल्यविशारदाने रचलेली भिंत. ती गळली तर मस्तिष्कावरणदाहाचा धोका. २००६ साली हदाद व बासागास्तेगी यांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या, पडद्याच्या श्लेष्मल त्वचेच्या सजीव पट्टीमुळे गळती पुष्कळ घटली. परंतु पट्टी घेतलेल्या जागी खपल्या धरतात आणि काहींचा वास कमी होतो. शिवाय प्रश्न संपलाही नाही. पिट्सबर्ग येथेच मोठे छिद्र उरलेल्या वा मोठ्या गळतीची भीती असलेल्या १७० रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीत, कंबरेतून नळी घालून द्रव काढलेल्या गटात गळतीचे प्रमाण ८.२ टक्के, तर नळीविना २१.२ टक्के आढळले. ज्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या पाठीत नळी ठेवणे हितकर ठरते, तिला केवळ बाह्य व्रण नाही म्हणून अल्प-आघाती म्हणणे हे शब्दांचे औदार्य म्हणावे लागेल.

तुलनात्मक पुरावाही सावधगिरीच शिकवतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील बहुकेंद्रीय ‘ट्रान्सस्फीअर’ अभ्यासात अनुभवी सूक्ष्मदर्शक-शल्यविशारदांची तुलना कमी अनुभवी एंडोस्कोप-शल्यविशारदांशी करण्यात आली. अर्बुद काढण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. ग्रंथीचे कार्य टिकण्यात मात्र एंडोस्कोप सरस ठरला. हा निष्कर्ष नव्या साधनाच्या बाजूचा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण तो पीयूषिका ग्रंथीच्या संप्रेरक न स्रवणाऱ्या अर्बुदांपुरता आहे. घ्राणखाचेतील मेनिंजिओमास तो लागू करता येत नाही. तेथे नाकाची वाट घेतल्यास घ्राणतंतूंचा बळी जवळजवळ अटळ असतो, तर कवटी उघडून काही रुग्णांत वास वाचविता येतो. अशा वेळी आघात कोणत्या बाजूस अल्प?

ग्रीवारोहिणीला इजा क्वचितच होते. झाली तर त्या अरुंद वाटेने रक्तस्राव आवरण्यास नाक-कान-घसातज्ज्ञ व मेंदूशल्यविशारद यांचा दीर्घकाळ एकत्र राबलेला संघ लागतो. रुग्णास ‘दुर्बिणीतून, टाक्याविना’ एवढेच सांगून घेतलेली संमती म्हणूनच अपुरी ठरते. संमतिपत्रात गळतीचे प्रमाण, वास जाण्याची शक्यता आणि त्या संघाने त्याच प्रकारच्या किती शस्त्रक्रिया केल्या आहेत, हे तीन तपशील रुग्णाच्या भाषेत लिहिलेले असावेत.