पडण्याचा हिशेब : 'सेलेस्ट' आणि आत्मविश्वासाची घडण

एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा करून जमू लागली की मराठीत 'हात बसला' असे म्हणतात. या वाक्प्रचारात मनाचा उल्लेखच नाही. आत्मविश्वासाविषयीचे आपले बोलणे मात्र बहुधा मनापासून सुरू होते : आधी विश्वास धरा, मग जमेल. हा क्रम उलटा असू शकतो का? 'सेलेस्ट' हा अवघडपणासाठी गाजलेला व्हिडिओ गेम मला या प्रश्नाचे गंभीर उत्तर वाटतो. साहित्याच्या दिवाळी अंकात गेमची चर्चा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण ज्या कलाकृतीचा आशय आस्वादकाच्या बोटांतून आणि त्याच्या अपयशांतून उलगडतो, तिला समीक्षेने टाळून चालणार नाही.

मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी २०१५ मध्ये चार दिवसांत एक छोटा खेळ तयार केला. त्याचेच विस्तारित रूप जानेवारी २०१८ मध्ये 'सेलेस्ट' म्हणून आले. कथा साधी आहे. मॅडलिन नावाची तरुणी सेलेस्ट पर्वत चढायला निघते. तिला चिंतेचे झटके येतात. उडी मारणे, भिंत धरून चढणे आणि हवेत एकदा झेप घेणे एवढेच तिला येते. झेप वापरली की तिचे लाल केस निळे होतात, पायाखाली जमीन आली की पुन्हा लाल. काट्याला स्पर्श झाला की मृत्यू.

हा मृत्यू नेमका कसा आहे, यावर सारे अवलंबून आहे. 'डार्क सोल्स' (२०११) या गेममध्ये मेल्यावर कमावलेले धन मृत्यूच्या जागी पडून राहते. ते परत मिळवायला एकच संधी, वाटेत पुन्हा मेलात तर ते गेले. बेनेट फॉडी यांच्या 'गेटिंग ओव्हर इट' (२०१७) मध्ये एक चूक तासाभराची चढण धुळीला मिळवू शकते. 'सेलेस्ट'मध्ये मात्र मॅडलिन क्षणार्धात त्याच पडद्याच्या सुरुवातीला पुन्हा उभी राहते. पडण्याची किंमत जवळजवळ शून्य, पण पडण्याची संख्या प्रचंड. पहिला चढ पूर्ण होईपर्यंत ती हजाराच्या पुढे सहज जाते. गेम ती मोजतो, दाखवतो आणि सुरुवातीच्याच एका पोस्टकार्डावर सांगतो की या आकड्याचा अभिमान बाळगा.

जेस्पर यूल यांनी 'द आर्ट ऑफ फेल्युअर' (२०१३) या पुस्तकात एक विरोधाभास मांडला आहे : माणसे अपयश टाळू पाहतात, तरीही जिथे अपयश अटळ आहे असे खेळ स्वतःहून खेळतात. अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये स्व-क्षमतेचा जो सिद्धान्त मांडला, त्यात या कोड्याचे अर्धे उत्तर सापडते. त्यांच्या मते स्वतःवरच्या विश्वासाचा सर्वांत भक्कम स्रोत उपदेश नसून स्वतः करून दाखवलेले काम हा असतो. 'सेलेस्ट'चा प्रत्येक पडदा असे एक लहान, पुरे होणारे काम आहे. चाळिसाव्या प्रयत्नात जमलेली उडी एकोणचाळीस वेळा चुकलेली असते, आणि त्यातील प्रत्येक चूक बोटांना काहीतरी शिकवून गेलेली असते.

पण इथे एक अडचण आहे. ही यशे कितपत आपली? थॉर्सन यांनी गेममधल्या लपलेल्या सवलती पुढे जाहीरपणे सांगितल्या आहेत. कड्यावरून पाय सुटल्यावरही सुमारे एक दशांश सेकंद उडी मारता येते. बटण थोडे आधी दाबले गेले तर गेम ते लक्षात ठेवतो. डोके कोपऱ्याला थोडेसे आपटत असेल तर मॅडलिन हळूच बाजूला सरकवली जाते. भिंतीला न टेकताही, दोन पिक्सेल अंतरावरून, तिच्यावरून उडी घेता येते. म्हणजे जो क्षण आपण अचूक साधला असे वाटते, तो पुष्कळदा थोडासा चुकलेलाच असतो.

मग हा आत्मविश्वास खोटा म्हणावा काय? मला तसे वाटत नाही. सायकल शिकवणारा माणूस मागची सीट धरतो आणि धरली आहे हे बोलून दाखवत नाही; तोल मात्र शिकणाऱ्याचाच असतो. या सवलती खेळाडूचा हेतू ओळखतात, पण त्याचे काम करत नाहीत. चुकीच्या दिशेला घेतलेली झेप कोणतीही सवलत वाचवत नाही. शिवाय उघड मदतीची सोयही आहे. गेमचा वेग कमी करता येतो, मृत्यू टाळताही येतो. ती घ्यायची की नाही हे खेळाडूवर सोपवले आहे.

कथेचा आणि खेळण्याचा खरा सांधा मात्र आरशाच्या प्रसंगात आहे. दुसऱ्या प्रकरणात आरशातून मॅडलिनचेच काळवंडलेले रूप बाहेर येते (खेळाडू तिला बॅडलिन म्हणतात) आणि पाठलाग सुरू करते. ती मॅडलिनच्या हालचालींची थोड्या अवधीने हुबेहूब नक्कल करत येते. जिथे तुम्ही घुटमळलात तिथेच ती तुम्हाला गाठते. चिंतेचे इतके नेमके रूपक संवादांतून साधले नसते. पुढे पाळण्यातून डोंगर ओलांडताना मॅडलिनला झटका येतो, तेव्हा श्वासाबरोबर एक पीस वरखाली तरंगत ठेवायचे असते. सहाव्या प्रकरणात हीच युक्ती निकामी ठरते आणि ती खोल दरीत कोसळते. शांत राहण्याची क्लृप्ती म्हणजे आत्मविश्वास नव्हे, हे गेम स्वतःच सांगतो. दोघींचा समेट झाल्यावर मॅडलिनला एकाऐवजी दोन झेपा मिळतात.

इथे एक आक्षेप घ्यायला हवा. शिखर गाठले की मन बरे होते, असा सोपा संदेश यातून निघू शकतो. आणि चिकाटी दाखवूनही जे बरे होत नाहीत, त्यांच्यावर तो अन्याय ठरेल. माझ्या मते सप्टेंबर २०१९ मध्ये आलेले 'फेअरवेल' हे शेवटचे प्रकरण या आक्षेपाचे उत्तर आहे. पर्वतावर भेटलेली म्हातारी वारली आहे, आणि शिखर सर केलेली मॅडलिन ते स्वीकारायला तयार नाही. पूर्वीचे यश तिला इथे पुरत नाही. याच प्रकरणात 'वेव्हडॅश' नावाची एक झेप शिकवली जाते. गंमत अशी, की ती पहिल्या प्रकरणापासूनच शक्य होती. क्षमता होती, तिची ओळख नव्हती.

म्हणून 'सेलेस्ट'ने दिलेला आत्मविश्वास आयुष्यभर पुरणारा नाही, आणि तसा दावाही तो करत नाही. तो एका पडद्यापुरता असतो. पुढचा पडदा आला की हात पुन्हा नवखा होतो. फरक इतकाच, की खेळाडूला आता हात कसा बसतो हे ठाऊक असते, आणि मोजणीचा आकडा वाढताना पाहून तो थांबत नाही.