‘ती ही नव्हेच’: ‘स्टार ट्रेक’ आणि जुन्या-नव्याचा वाद

एखाद्या कलाकृतीविषयी ‘ही चांगली नाही’ असे म्हणणे आणि ‘ही ती नव्हेच’ असे म्हणणे ह्यांत अंतर आहे. पहिले विधान मूल्याविषयीचे, तर दुसरे अस्तित्वाविषयीचे आहे. ‘स्टार ट्रेक’ ह्या अमेरिकन विज्ञानकथात्मक दूरचित्रवाणी-मालिकांच्या चाहत्यांमध्ये जुन्या आणि नव्या मालिकांवरून जो वाद दीर्घकाळ चालू आहे, त्यात ही दोन विधाने सतत एकमेकांची जागा घेताना दिसतात. २०१७ मध्ये ‘डिस्कव्हरी’ सुरू झाली तेव्हा जुन्या प्रेक्षकांपैकी अनेकांचा आक्षेप ती वाईट आहे एवढाच नव्हता. ती ‘स्टार ट्रेक’ नाही, असा होता. समीक्षेला ह्या आक्षेपाची दखल घ्यावी लागते, कारण त्यात ‘मूळ’ ह्या संकल्पनेविषयीचे एक गृहीतक दडलेले आहे.

ह्या ‘मुळा’ची जागा स्थिर नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. जीन रॉडनबेरी ह्यांची पहिली मालिका १९६६ ते १९६९ ह्या काळात एन.बी.सी. ह्या वाहिनीवरून प्रसारित झाली. तिचे एकूण ७९ भाग झाले. १९८७ मध्ये ‘द नेक्स्ट जनरेशन’ आली तेव्हा कर्क आणि स्पॉक ह्यांच्यावाचून ‘एन्टरप्राइझ’ ही कल्पनाच अनेकांना असह्य वाटली होती. फ्रेंच नावाचा, इंग्रजी उच्चारांचा, टक्कल असलेला आणि शस्त्राऐवजी शब्द वापरणारा कप्तान पिकार्ड हा त्यांच्या लेखी उपरा होता. तीस वर्षांनी हाच पिकार्ड नव्या मालिकांना मापण्याची फूटपट्टी झाला. हान्स रॉबर्ट याउस ह्यांनी ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना मांडली ती साहित्येतिहासाच्या संदर्भात. पण क्षितिज कसे सरकते ह्याचे इतके ठसठशीत उदाहरण साहित्यातही सहसा सापडत नाही.

येथपर्यंत आल्यावर, हा सगळा स्मृतिकातरतेचा खेळ आहे, प्रत्येकाला आपल्या तरुणपणीची मालिका प्रिय असते, असे म्हणून वाद निकालात काढण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. चाहत्यांच्या तक्रारीत भावनेबरोबर रूपाविषयीची एक खरी जाणीव आहे. ती त्यांना नेहमी नीट मांडता येत नाही, इतकेच.

पहिल्या मालिकेचा प्रेक्षकवर्ग बव्हंशी तिच्या मृत्यूनंतर तयार झाला. दुसऱ्या पर्वानंतर ती बंद पडू नये म्हणून चाहत्यांनी पत्रांची मोहीम चालवली आणि तिसरे पर्व मिळवले हे खरे. परंतु मालिकेला खरा लोकाश्रय लाभला तो १९७० च्या दशकात, स्थानिक वाहिन्यांवरील पुनःप्रक्षेपणांतून. पुन्हापुन्हा, कोणत्याही क्रमाने, मधूनच कधीतरी एखादा भाग पाहणे ही ह्या प्रेक्षकाची आस्वादपद्धती होती. प्रत्येक भाग स्वयंपूर्ण असल्यामुळेच ती शक्य झाली. एक ग्रह, एक पेच, त्यावर वादविवाद, एक निर्णय. आणि पुढच्या भागात सारे पूर्ववत. जहाजावरील व्यवस्था अढळ राहते, म्हणूनच शंकेचा रोख बाहेरच्या जगाकडे वळवता येतो. स्वयंपूर्ण भाग ही येथे केवळ निर्मितीची सोय नव्हती. मालिकेच्या आदर्शवादाचा तो आधार होता. ‘द नेक्स्ट जनरेशन’साठी रॉडनबेरींनी जहाजावरील सहकाऱ्यांत आपसांत क्षुद्र संघर्ष नसावा असा दंडक घातला, आणि लेखक त्याने त्रस्त झाले, त्यामागेही हेच रूपविषयक तर्कशास्त्र होते.

‘डिस्कव्हरी’ने हा आधार काढून घेतला. एकच दीर्घ कथानक संपूर्ण पर्वभर चालवावयाचे म्हटले की संकट दर भागाला वाढत जावे लागते, आणि अखेरीस ते व्यवस्थेच्या मुळाशी पोहोचते. ‘नवी मालिका अंधारी आहे’ ही तक्रार येथून उद्भवते.

मात्र तक्रारीचा हा शब्द चुकीचा आहे. जुनी मालिका उजळ होती हा समज तिच्या भागांवर टिकत नाही. १९६८ मधील ‘अ प्रायव्हेट लिटल वॉर’ ह्या भागात क्लिंगॉनांनी एका पक्षाला बंदुका दिल्या म्हणून कर्क दुसऱ्या पक्षालाही तशाच बंदुका देतो. व्हिएतनामची छाया त्यावर उघड आहे आणि शेवट कोणाचेही समाधान करीत नाही. १९९३ मध्ये आलेल्या ‘डीप स्पेस नाइन’वर प्रथम, जहाजच नाही, मालिका कोठे जातच नाही, असा आक्षेप होता. तिच्याच १९९८ मधील ‘इन द पेल मूनलाइट’ ह्या भागात कप्तान सिस्को रोम्युलनांना युद्धात ओढण्यासाठी बनावट पुरावा तयार करवितो, त्यातून हत्या घडते, आणि हे सारे आपण पचवू शकतो असे तो स्वतःलाच बजावतो. आज हा भाग जुन्या मालिकांच्या वैभवात गणला जातो. त्याचे सामर्थ्य पाप ‘आपल्या’ कप्तानाच्या पदरी ठेवण्यात आहे.

‘डिस्कव्हरी’शी त्याची तुलना करावी. तेथे क्रूर, धूर्त कप्तान लॉर्का युद्धाच्या नावाखाली फेडरेशनची मूल्ये तुडवीत जातो. प्रेक्षक अस्वस्थ होतो. आणि पर्वाच्या उत्तरार्धात उलगडते की तो ह्या विश्वातला नव्हेच, ‘प्रतिबिंब-विश्वा’तून आलेला आहे. ज्या प्रश्नाने अस्वस्थता निर्माण केली तो प्रश्नच विश्वाबाहेर हद्दपार होतो. पर्वाच्या अखेरीस शत्रूचा ग्रह नष्ट करण्याच्या योजनेला फेडरेशनचे नेतृत्वच मान्यता देते हे खरे. पण बर्नमने विरोध करताच ते माघार घेते, आणि योजनेच्या अंमलबजावणीसाठी नेमलेली व्यक्तीही पुन्हा त्याच प्रतिबिंब-विश्वातली. ह्या मालिकेचा दोष अंधार हा नसून अंधाराला दिलेली पळवाट हा आहे. चाहत्यांना काहीतरी खुपले होते. त्यांनी त्याला दिलेले नाव मात्र बरोबर नव्हते.

वादातील दुसरा मोठा विषय प्रमाणसंहितेचा. पहिल्या मालिकेतील क्लिंगॉन माणसांसारखेच दिसत; १९७९ च्या चित्रपटापासून त्यांच्या कपाळावर उंचवटे आले. १९९६ मध्ये ‘डीप स्पेस नाइन’ने वॉर्फच्या तोंडी एक विनोदी टाळाटाळ घालून हा प्रश्न सोडून दिला. २००५ मध्ये ‘एन्टरप्राइझ’ने दोन भाग खर्चून जनुकीय स्पष्टीकरण दिले. रंगभूषेच्या वाढत्या खर्चाला इतिहास पुरवण्याचा हा खटाटोप गमतीचा आहे. पण प्रक्षेप शोधणाऱ्या संहितासमीक्षकाची आणि ह्या चाहत्याची वृत्ती सारखीच आहे. फरक असा, की येथे नवा मजकूर प्रमाण ठरवण्याचा अधिकार वाचनपरंपरेला नसून मालकी हक्क बाळगणाऱ्या कंपनीला आहे. हेन्री जेन्किन्स ह्यांनी १९९२ मध्ये अशा चाहत्यांना दुसऱ्याच्या रानात शिरून शिकार करणारे म्हटले. ‘ही ती नव्हेच’ हे वाक्य उच्चारताना तो शिकारी काही क्षण रानाचा मालक असल्यासारखा बोलतो.

ह्या वादाला आतून दिलेले सर्वांत बुद्धिमान उत्तर २०२२ मध्ये ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ने दिले. स्वयंपूर्ण भागांकडे ती परतली म्हणून जुन्या चाहत्यांनी तिचे स्वागत केले. परंतु तिचे महत्त्व त्याहून वेगळ्या गोष्टीत आहे. कप्तान पाइकचे शरीर अपघातात निकामी होणार हे १९६६ पासून प्रेक्षकाला ठाऊक आहे, आणि २०१९ पासून पाइकलाही. जुनी संहिता ह्या पात्राची नियती होऊन बसते. पहिल्या पर्वाच्या अखेरच्या भागात, ‘अ क्वालिटी ऑफ मर्सी’मध्ये, ही नियती टाळली तर काय होईल हे पाइकला दाखवले जाते: १९६६ मधील ‘बॅलन्स ऑफ टेरर’ ह्या भागातील प्रसंगी कर्कच्या जागी तो उभा आहे, रोम्युलनांशी तो अधिक सौम्यपणे, अधिक समंजसपणे वागतो, आणि त्यातूनच युद्ध पेटते. नव्या मालिकेचा नायक जुन्या मालिकेच्या भागात शिरतो आणि आपल्या सद्गुणांमुळेच तेथे हरतो. जुन्या मालिकेची ही पूजा म्हणावी, तर कर्कचा आक्रमकपणा समर्थनीय ठरवण्यासाठी दुसऱ्याच्या सौजन्याचा बळी द्यावा लागतो. टीका म्हणावी, तर तो आक्रमकपणाच अखेर बरोबर ठरतो. ‘बॅलन्स ऑफ टेरर’ पूर्वी न पाहिलेल्या प्रेक्षकाला हा ताण अर्धाच जाणवतो. असा प्रेक्षक पुढे केव्हातरी तो भाग पाहील तेव्हा कर्क त्याला पाइकनंतरचा वाटेल, आणि रोम्युलन जहाजाचा पाठलाग करणाऱ्या त्या कप्तानाच्या पाठीमागे, १९६६ मध्ये कोणीही न लिहिलेला, एक दुसरा निर्णय त्याला दिसत राहील.