‘पटिनिस्सग्ग’ : केवळ त्याग नव्हे

‘पटिनिस्सग्ग’ या पालि शब्दास मराठीत ‘त्याग’ म्हटले की काम भागले, असे समजले जाते. आम्हांस हे मान्य नाही.

तिसऱ्या आर्यसत्याच्या विवरणात हा शब्द तृष्णेसंबंधी येतो; तेथे ‘त्याग’ चालेल. आनापानस्मृतीच्या सोळाव्या पायरीवर मात्र तो अपुरा पडतो. आचार्य बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्गा’त त्याचे दोन अर्थ दिले आहेत : क्लेश सोडणे आणि निर्वाणात झेपावणे.

खरी अडचण विनयात येते. संघात फूट पाडू पाहणाऱ्या भिक्खूस संघ तीनदा समजावितो. त्याने आग्रह सोडला तर उत्तम; न सोडल्यास दहावा संघादिसेस. येथे अभिप्रेत आहे ते धरलेले मत चारचौघांत मागे घेणे. अरिट्ठ भिक्खूची कथा हेच सांगते. बुद्धांनी अंतरायकारक म्हटलेल्या गोष्टी सेवन करणाऱ्यास बाधत नाहीत, असे तो म्हणे. सोबत्यांनी उलटसुलट प्रश्न विचारून समजाविले. तो हटला नाही. अखेर त्याच्यावर उक्खेपनीय कर्म करावे लागले. त्याग एकट्याने करता येतो. मत मागे घेण्यापूर्वी इतरांचे ऐकावे लागते. हा भेद ‘त्याग’ शब्दाने पुसला जातो.

याच कुळातला ‘निस्सग्गिय’ शब्द पाहा. नियमबाह्य चीवर भिक्खू संघापुढे सोडून देतो, दोष कबूल करतो आणि तेच चीवर त्याला परत दिले जाते! सोने-रुपे मात्र परत मिळत नाही. परत हाती आलेल्या त्या चीवरास ‘त्यागलेले’ कसे म्हणावे?