नगरांचें सख्य आणि मातीचें भांडें

दोन दूरच्या नगरांनीं एकमेकांस भगिनी म्हणावें, नगराध्यक्षांनीं करारपत्रावर सह्या कराव्या, आणि त्या निमित्तानें दोन्ही गांवच्या कलाकृतींचें प्रदर्शन भरवावें, हा प्रघात दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत रुजला. १९४४ सालीं इंग्लंडांतील कॉव्हेन्ट्री व रशियांतील स्टालिनग्राड या दोन उद्ध्वस्त शहरांनीं परस्परांशीं असें नातें जोडलें. पुढें त्याचें अनुकरण जगभर झालें. आपल्याकडे १९६५ पासून मुंबई आणि योकोहामा यांचें असें नातें आहे. अशा सख्याच्या प्रदर्शनांत भाजलेल्या मातीच्या भांड्यांस हटकून मानाचें स्थान मिळतें, आणि तें योग्यच आहे. माती प्रत्येक गांवाची निराळी. परंतु मडक्याची गरज साऱ्या गांवांची सारखीच. म्हणून दोन गांवांतील साम्य व भेद एकाच वस्तूंत दाखवावयाचे झाल्यास भांड्याइतकी सोयीची दुसरी वस्तु नाहीं.

परंतु एका कपाटांत त्यांचा कुंभ आणि शेजारच्या कपाटांत आपली सुरई ठेवली, म्हणजे सख्य दिसलें काय? आमच्या मतें दिसला तो शेजार. शेजार आणि सख्य यांत जें अंतर आहे तें अशीं प्रदर्शनें भरविणारांच्या ध्यानांत क्वचितच येतें. हें अंतर डोळ्यांनीं पाहावयाचें असेल तर वाचकांनीं एकदां कोल्हापुरच्या टाऊन हॉलमधील संग्रहालयांत जावें. हें संग्रहालय कोणा नगरसख्याच्या स्मरणार्थ उभारलेलें नव्हे. तथापि दोन दूरच्या प्रदेशांच्या संबंधाचा जो पुरावा तेथें आहे, तो कोणत्याहि करारपत्राहून जुना आणि अधिक बोलका आहे.

कोल्हापुरास पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरी नांवाचें टेंकाड आहे. तेथें १९४४ ते १९४६ या काळांत उत्खनन झालें. त्यांतील १९४५-४६ चें काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनीं केलें आणि त्याचा वृत्तांत १९५२ सालीं प्रसिद्ध झाला. सातवाहनकालीन घरांचे अवशेष, नाणीं, मणी आणि मडक्यांचे ढीग यांच्या जोडीला तेथें काशाच्या वस्तूंचा एक मोठा सांठा सांपडला. ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची लहानशी काशाची मूर्ति त्यांतलीच. संग्रहालय १९४६ सालीं स्थापन झालें. आज तें ज्या टाऊन हॉलच्या इमारतींत आहे ती १८७२ ते १८७६ या काळांत बांधलेली आहे.

पोसायडनची मूर्ति सुंदर आहे यांत वाद नाहीं. अंगाचा डौल, स्नायूंची सफाई आणि पवित्र्यांतील सहजता हीं पाहिलीं म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याशीं, समुद्रापासून इतक्या आंत, हा देव आला कसा, याचें नवल वाटतें. पण प्रेक्षकांचें सारें नवल तेथेंच संपतें, ही आमची तक्रार आहे. शेजारच्या खापरांवरून नजर घसरते. मातीचीं तीं भांडीं पाहणाराला ओशाळवाणीं वाटतात. परदेशी देव म्हणजे संबंधाचा पुरावा, आणि देशी मडकें म्हणजे केवळ अडगळ, अशी समजूत बहुतेकांच्या मनांत असते. ती समजूत कां चुकीची, हें थोडें विस्तारानें सांगणें अवश्य आहे.

प्रथम प्रमाणाचा विचार करूं. ब्रह्मपुरीच्या सांठ्यांतील काशाच्या वस्तु शंभराच्या आसपास आहेत, आणि अभ्यासकांच्या मतें त्यांतल्या थोड्याच रोमन साम्राज्यांतून आलेल्या आहेत; बाकीच्या इकडच्याच कारागिरांनीं घडविल्या. म्हणजे पोसायडन हा एका भरल्या घरांतला पाहुणा होता. पाहुण्याचें कौतुक करतांना यजमानाची विचारपूसहि न करणें ही रीत कांहीं बरी नव्हे. दुसरें असें कीं, मूर्ति विकत घेतां येते. एखाद्या व्यापाऱ्यानें ती बंदरावरून आणली असेल, घाट चढवून कोल्हापुरीं पोंचविली असेल, आणि कोणा धनिकानें हौसेनें घरीं ठेविली असेल. ती आणल्यामुळें आणणाराच्या हातांत कांहीं फरक पडला असेलच असें नाहीं. मूर्तीवरून व्यवहार सिद्ध होतो; सख्य सिद्ध होण्यास आणखी कांहीं लागतें.

तें आणखी कांहीं मातींत सांपडतें. दख्खनच्या सातवाहनकालीन नगरांत, विशेषतः तेर येथें, पांढऱ्या मातीच्या लहान लहान मूर्ति मिळाल्या आहेत. त्या दोन अर्ध्या साच्यांत माती दाबून, मग दोन्ही भाग जोडून केलेल्या आहेत. आंतून त्या पोकळ असतात. ही दुहेरी साच्याची कृति रोमन जगाशीं आलेल्या संपर्कांतून इकडे आली, असें पुष्कळ पुरातत्त्वज्ञ मानतात. तेर म्हणजे जुनें तगर. पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हें नगर आहे आणि तेथील माल गाड्यांनीं भडोचला जातो, अशी नोंद पहिल्या शतकांतल्या एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्यानें करून ठेवली आहे. त्या गाड्या परततांना काय काय घेऊन आल्या त्याची यादी आपल्याजवळ पुरी नाहीं. पण एक जिन्नस असा आला कीं जो कोणत्याहि गाडींत भरतां येत नाहीं: हात चालविण्याची एक नवी रीत. आणि ती रीत शिकल्यावर तेरच्या कारागिरानें रोमन देव घडवीत बसण्याचें कारण उरलें नाहीं. त्यानें आपल्याच बायका, आपलेच अलंकार, आपल्याच केशरचना त्या साच्यांत उतरविल्या. रीत परक्याची आणि रूप आपलें, असा हा संयोग आहे. याला आम्ही सख्य म्हणतों.

सातवाहनकालीन काळीं-तांबडीं भांडीं याच दृष्टीनें पाहावीं. तोंडाकडे व आंतून काळें आणि बाहेरून तांबडें, असें हें भांडें सामान्यतः आव्यांत पालथें घालून भाजीत. आंत वारा न पोंचल्यानें आंतला भाग काळा राही, आणि बाहेरच्या अंगाला मोकळा वारा लागून तें तांबडें होई. एकाच विस्तवांतून दोन रंग काढण्याची ही विद्या रोमन संपर्काच्या कितीतरी आधींपासून आपल्या देशांत चालत आली होती. ज्याच्यापाशीं अशी विद्या होती तो कुंभार परक्याकडून शिकला तो भिकारी म्हणून नव्हे, जाणकार म्हणून शिकला. सख्याला दोन्ही बाजू भरलेल्या असाव्या लागतात, हें ह्या खापरांवरून समजतें.

येथें एका जुन्या चुकीची कथा सांगणें उद्बोधक होईल. ब्रह्मपुरीचें काम चालू होतें त्याच १९४५ सालीं पुदुचेरीजवळ अरिकमेडु येथें मॉर्टिमर व्हीलर यांनीं उत्खनन केलें. तेथें इटलींतील अरेत्सो या गांवीं घडलेलीं तांबडीं, तुकतुकीत भांडीं सांपडलीं. त्यांच्या जोडीला आंतल्या तळावर बारीक नक्षीचीं वर्तुळें असलेलीं दुसरीं कांहीं भांडींहि मिळालीं. तीं इतकीं सुबक होतीं कीं तींहि भूमध्यसमुद्राकडूनच आलीं असावीं, असें व्हीलर यांस वाटलें, आणि पुढें कित्येक वर्षें तेंच मत चाललें. डेक्कन कॉलेजचे डॉ. विश्वास गोगटे यांनीं या भांड्यांच्या मातीचें क्ष-किरणांनीं परीक्षण केलें आणि १९९७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला कीं ती माती गंगेच्या मुखाकडील प्रदेशांतल्या मातीशीं जुळते. म्हणजे ज्याला आपण पाहुणा समजून पाट मांडला होता, तो घरचाच निघाला. सुबक दिसलें कीं परक्याचें, आणि ओबडधोबड दिसलें कीं आपलें, ही संवय विद्वानांसहि सुटत नाहीं. मग संग्रहालयांत घटकाभर येणाऱ्या प्रेक्षकाला काय दोष द्यावा!

आतां अलीकडच्या काळाकडे वळूं. मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंत १८७० नंतरच्या दशकांत जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखालीं मातीकामाचा कारखाना चालत असे. सिंधमधील कुंभारांची निळ्या-हिरव्या झिलईची विद्या तेथें मुंबईस आली, आणि त्या झिलईखालीं अजिंठ्याच्या भिंतींवरील आकृति विद्यार्थ्यांनीं रंगविल्या. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयांत हीं भांडीं आजहि पाहावयास मिळतात. त्यांच्याविषयीं आमचें मत मिश्र आहे. झिलईचा ओलसर तजेला मोहक आहे यांत शंका नाहीं. परंतु अजिंठ्याची आकृति भिंतीच्या सपाटीसाठीं जन्मली. तिला सुरईच्या पोटावर गुंडाळली म्हणजे ती अवघडून बसते, आणि भांडें पाणी भरण्यासाठीं नसून दिवाणखान्यासाठीं आहे हें लपत नाहीं. इतकें असूनहि त्यांस आम्ही शेजारच्या कपाटांतल्या मुक्या भेटवस्तूंहून वरचढ मानतों. कारण तेथें सिंधचा हात आणि मुंबईचा हात एकाच भांड्यावर फिरले आहेत. प्रयोग फसला असेल. पण प्रयोग झाला. नुसत्या भेटींत फसण्यासारखें कांहींच नसतें.

याउलट एक हुकलेली संधि पाहा. पुण्यास सिंहगड रस्त्यावर पुणें-ओकायामा मैत्रीचें म्हणून एक जपानी पद्धतीचें उद्यान आहे; पु. ल. देशपांडे उद्यान या नांवानें तें सर्वांस परिचित आहे. ओकायामाच्या जुन्या कोराकुएन बागेचा नमुना पुढें ठेवून तें केलें. बाग रम्य आहे. परंतु ज्या ओकायामा प्रांताशीं हें सख्य, तोच प्रांत बिझेनच्या मातीकामाचें माहेरघर आहे. बिझेनच्या भांड्यांवर झिलई मुळींच चढवीत नाहींत. लांकडाच्या विस्तवावर तीं कित्येक दिवस भाजतात; उडालेली राख जेथें बसते तेथें तिचाच रंग चढतो, आणि भांड्याला गुंडाळलेल्या गवताच्या काडीचा लालसर ओरखडा हाच त्याचा अलंकार होतो. झिलईवांचून माती आणि विस्तव यांच्यावर विसंबणारा कुंभार आपल्याहि गांवोगांव होता. असे दोन कुंभार एका आव्यापाशीं बसले असते, तर किती गोष्टी एकमेकांस सांगते! बागेंतल्या दगडांस आणि पाण्यास तें सांगतां येत नाहीं.

कोणी म्हणेल, भेटवस्तूंचा असा अधिक्षेप करूं नये. भेटीलाहि मोल आहे. तें आम्हांस मान्य आहे, आणि त्याचें उत्तम उदाहरण याच कलेंत आहे. इटलींतील फाएन्त्सा या गांवाच्या नांवावरून एका जातीच्या झिलईदार भांड्यांस युरोपांत नांव पडलें. तेथें १९०८ सालीं स्थापन झालेलें मातीकामाचें संग्रहालय १९४४ च्या बाँबवर्षावांत उद्ध्वस्त झालें. तें पुन्हा उभें राहिलें त्यांत देशोदेशींच्या कलावंतांनीं व संस्थांनीं पाठविलेल्या भांड्यांचा मोठा वांटा होता. त्या भेटी रिकाम्या झालेल्या घरांत आल्या, आणि त्यांनीं घर पुन्हा भरलें. गरजेला धांवून आलेली भेट हें खरें सख्यच होय. आमचा आक्षेप आहे तो ज्या भेटीनें देणाराचें कांहीं जात नाहीं आणि घेणाराचें कांहीं बदलत नाहीं अशा भेटीवर.

आणि हा प्रश्न केवळ रसिकतेचा नाहीं. कोल्हापुरांत गंगावेस, शाहूपुरी आणि बापट कॅम्प येथें कुंभारांची वस्ती आहे. आज त्यांचा मुख्य धंदा गणेशमूर्तींचा. चाकावरचें भांडें धातूनें आणि प्लॅस्टिकनें मागें सारलें. मूर्तींतहि शाडूशीं प्लास्टरची स्पर्धा आली. पंचगंगेच्या २०१९ व २०२१ च्या महापुरांत या कारागिरांचें मोठें नुकसान झालें. उद्यां कोल्हापुरानें एखाद्या दूरच्या नगराशीं सख्य जोडलें आणि मातीच्या भांड्यांचें प्रदर्शन भरविलें, तर आपल्या बाजूच्या कपाटांत आपण काय ठेवणार? दोन हजार वर्षांपूर्वींचें काळें-तांबडें खापर ठेवतां येईल. तें फुटलें तरी टिकतें. पण तें घडविणाऱ्या हाताचा वारस त्या समारंभास बोलावला जाईल काय, आणि बोलावला तर खुर्चीवर बसेल कीं मंडपाबाहेर उभा राहील?

म्हणून अशा प्रदर्शनाच्या चालकांस आमची सूचना साधी आहे. कपाटें निम्मीं करा आणि त्या पैशांत दोन्ही गांवचे दोन-दोन कुंभार महिनाभर एकत्र ठेवा. त्यांच्या गांवची माती आपल्या चाकावर चढूं द्या, आपला साचा त्यांच्या हातीं पडूं द्या. जें फुटेल, वांकेल, बिघडेल, तेंहि मांडा. कोणाची माती कोणाच्या विस्तवाला कां मानवली नाहीं, हें प्रेक्षकांस कळूं द्या. कोल्हापुरच्या संग्रहालयानेंहि पोसायडनच्या शेजारीं त्याच काळचें एक मडकें तितक्याच मानानें ठेवावें, आणि तें कसें घडलें व कसें भाजलें हें चार ओळींत मराठींत लिहावें. मुलांचा हात धरून आलेल्या आईबापांस मग त्या काशाच्या देवाजवळून दोन पावलें पुढें सरकण्यास कारण मिळेल. समुद्रदेव कोठून आला हें मुलांस सांगून झाल्यावर, तो ज्या घरीं उतरला त्या घरीं पाणी कशांत भरीत, हेंहि त्यांस दाखवितां येईल.