हिरोडोटस : एक प्रवेश

हिरोडोटसला 'इतिहासाचा जनक' ही पदवी सिसरोने दिली, आणि शालेय पुस्तकांच्या द्वारे ती आपल्यापर्यंत येऊन पोहोचली. मात्र त्याच वाक्यात सिसरोने असेही म्हटले आहे की, ह्या जनकाच्या ग्रंथात कल्पित कथांना गणती नाही. हा उत्तरार्ध फारसा कोणी सांगत नाही. परिणामी नवा वाचक मोठ्या आदराने ग्रंथ उघडतो, सोने उकरणाऱ्या मुंग्यांपाशी येऊन थबकतो, आणि हा इतिहास की कहाणी, अशा संभ्रमात तो मिटून ठेवतो. प्रस्तुत लेख अशा वाचकासाठी आहे. हिरोडोटसच्या खरेखोटेपणाचा हिशेब तपशीलवार मांडण्याचा येथे हेतू नाही. तो कोणत्या भूमीवर उभा राहून लिहितो, आणि त्या भूमीमुळे त्याच्या लेखनास कोणता गुण प्राप्त झाला, एवढेच दाखवावयाचे आहे. सुरतेसारख्या नगरीत राहणाऱ्या मराठी वाचकास तो गुण विशेष जवळचा वाटेल, असा माझा विश्वास आहे.

हिरोडोटसचा जन्म इसवी सनापूर्वी ४८४ च्या सुमारास हॅलिकार्नासस येथे झाला. हे नगर आशिया मायनरच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर होते. आज तेथे तुर्कस्तानातील बोड्रुम हे गाव आहे. वस्ती ग्रीकांची, शेजार कॅरियन लोकांचा आणि सत्ता इराणच्या सम्राटाची, अशी त्या नगराची स्थिती होती. हिरोडोटसच्या पित्याचे नाव लिक्सीस आणि आप्त कवीचे नाव पनिअ‍ॅसिस. ही दोन्ही नावे कॅरियन वळणाची मानली जातात. इसवी सनापूर्वी ४८० मध्ये सॅलमिसच्या समुद्रात ग्रीक आणि इराणी आरमारे भिडली, तेव्हा हॅलिकार्नाससची राणी आर्टेमिसिया आपली जहाजे घेऊन इराणच्या बाजूने लढली. म्हणजे ज्या युद्धाचा इतिहास लिहून हिरोडोटस अमर झाला, त्या युद्धात त्याचे जन्मगाव शत्रुपक्षात होते. असे असूनही त्याने आर्टेमिसियाच्या बुद्धीची आणि धैर्याची मुक्तकंठाने स्तुती केली आहे. पुढे राजकीय कलहामुळे त्यास गाव सोडावे लागले. सामोस बेट, अथेन्स आणि अखेरीस इटलीतील थुरीई ही वसाहत, असा त्याचा प्रवास झाला. इजिप्त आणि काळ्या समुद्राचा किनारा ह्या प्रदेशांतही तो हिंडला.

त्याने आपल्या ग्रंथास जो शब्द वापरला, त्याचा मूळ अर्थ 'चौकशी' किंवा 'शोध' असा आहे. युरोपीय भाषांतील इतिहासवाचक शब्द त्यातूनच निघाले. आपला 'इतिहास' हा शब्द 'असे खरोखर घडले' असे निश्चयाने सांगतो. 'बखर' हा शब्द 'खबर' ह्या शब्दाचा वर्णविपर्यय होय, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. तसे असल्यास ती आणून पोहोचविलेली वार्ता ठरते. निश्चय, वार्ता आणि चौकशी ह्या तीन भिन्न वृत्ती आहेत. हिरोडोटस तिसऱ्या वृत्तीचा लेखक आहे. हे एकदा ध्यानी घेतले की त्याच्या ग्रंथातील पुष्कळ अडचणी आपोआप सुटतात.

ग्रंथाचे नऊ भाग आहेत. त्यांस नऊ कलादेवतांची नावे मागाहून मिळाली. मुख्य विषय इराणी साम्राज्याचा उदय आणि ग्रीकांशी त्याचा झालेला संघर्ष हा होय. लिडियाचा राजा क्रीसस ह्याच्यापासून कथेस आरंभ होतो. नंतर सायरस, कॅम्बायसीस आणि दारयवहू ह्यांच्या कारकिर्दी येतात. इराणी सेना ज्या ज्या देशावर चालून जाते, त्या त्या देशाचे लोक, नद्या, देव, पशू आणि चालीरीती ह्यांचे वर्णन करण्यासाठी लेखक थांबतो. दुसरा भाग तर जवळजवळ सगळाच इजिप्तला वाहिलेला आहे. पुढे आयोनियातील ग्रीकांचे बंड, ४९० मधील मॅरेथॉन, ४८० मधील थर्मॉपिली आणि सॅलमिस, ४७९ मधील प्लॅटिआ अशी युद्धकथा वेग घेते. प्रारंभीच लेखकाने आपले प्रयोजन सांगून ठेवले आहे. मनुष्यांची कृत्ये काळाच्या ओघात पुसली जाऊ नयेत, ग्रीकांनी आणि ग्रीकेतरांनी जी अद्भुत कर्मे केली त्यांची कीर्ती लोपू नये, आणि ते परस्परांशी का लढले हेही समजावे, असा त्याचा आशय आहे. येथे 'आणि ग्रीकेतरांनी' हे पद महत्त्वाचे आहे. विजयी पक्षाच्या भाषेत लिहिणारा लेखक पराभूतांच्या कीर्तीची चिंता पहिल्याच वाक्यात वाहतो. प्लूटार्कने पुढे हिरोडोटसच्या द्वेषबुद्धीवर एक निबंधच लिहिला आणि त्यात त्यास परकीयांचा प्रेमी म्हणून हिणविले. हा आरोप आज आपणांस प्रशस्तिपत्रासारखा वाटतो.

ह्या वृत्तीचे फळ कोणते, ते सुरतेच्या वाचकास सहज पडताळून पाहता येईल. हिरोडोटस इराणी लोकांच्या चाली वर्णन करतो. ते मूर्ती आणि देवळे उभारीत नाहीत, मुलांस पाचव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत अश्वारोहण, धनुर्विद्या आणि सत्यभाषण ह्या तीनच गोष्टी शिकवितात, असत्यास सर्वांत लज्जास्पद मानतात, नदी दूषित करीत नाहीत, आणि त्यांच्यातील मागी पुरोहितांचे शव पक्ष्याने अथवा कुत्र्याने विदारण केल्यावाचून पुरले जात नाही, असे तो सांगतो. सुरत आणि नवसारी येथील पारशी समाजाच्या शेजारी पिढ्यानपिढ्या राहिलेल्या वाचकास ह्या वर्णनात ओळखीची रेषा दिसल्यावाचून राहणार नाही. हिंदुस्थानाविषयीचे त्याचे ज्ञान मात्र ऐकीव आहे. मुंग्यांची कथा त्यातलीच. परंतु तिच्याच शेजारी, तेथील रानटी झाडांना लोकर येते, ती मेंढीच्या लोकरीहून सरस असते आणि तेथील लोक तिची वस्त्रे वापरतात, असेही त्याने नमूद केले आहे. ही लोकर म्हणजे आपला कापूस. पुढे ज्या मालावर सुरतेचे वैभव उभे राहिले, त्याचा एवढा जुना उल्लेख मुंग्यांच्या कथेमागे दडलेला आहे. मुंग्यांना हसून पुस्तक मिटणारा वाचक कापसालाही मुकतो.

मग खरे काय आणि खोटे काय, हे ओळखावे कसे? ह्यासाठी लेखकानेच खुणा करून ठेवल्या आहेत. मी हे पाहिले, हे माझे अनुमान, हे मला पुरोहितांनी सांगितले, असे तो पदोपदी वेगळे करून सांगतो. सातव्या भागात तर तो आपला नियमच स्पष्ट करतो : जे सांगितले जाते ते नोंदविणे हे माझे कर्तव्य, त्यावर विश्वास ठेवणे हे नव्हे. ह्या नियमाचा लाभ एका ठिकाणी विलक्षण रीतीने झाला आहे. आफ्रिकेस जलमार्गाने वळसा घालून आलेल्या फिनिशियन नावाड्यांनी सांगितले की, पश्चिमेकडे जाताना सूर्य आमच्या उजव्या हातास होता. ह्यावर माझा विश्वास नाही, असे हिरोडोटस लिहितो. पण ती वार्ता गाळीत नाही. विषुववृत्ताच्या दक्षिणेस सूर्य तसाच दिसावयाचा, हे आज आपण जाणतो. ज्या तपशिलावर त्याने अविश्वास दाखविला, तोच त्या सफरीच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा ठरला आहे.

आता हीच कसोटी आपल्या घरच्या प्रसंगास लावून पाहू. १६६४ च्या जानेवारीत, जुन्या इंग्रजी पंचांगाप्रमाणे ६ तारखेपासून चार दिवस, शिवाजीमहाराजांच्या सैन्याने सुरत लुटली. ह्या घटनेची मराठी वार्ता कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत आहे. ती सुमारे तीन दशकांनंतर जिंजी येथे लिहिली गेली. बहिर्जी जाधवाची हेरगिरी आणि हाती आलेली संपत्ती ह्यांवर तिचा भर असून तिचा स्वर अभिमानाचा आहे. दुसरी वार्ता इंग्रज वखारीतील लोकांची. वखारीचा धर्मोपदेशक एस्केलियट ह्याने सर टॉमस ब्राऊन ह्यांस लिहिलेल्या पत्रात किल्ल्यात दडलेला सुभेदार इनायतखान, जळणारे नगर, कैद्यांचे तोडलेले हात आणि व्यापाऱ्यांची दैना ह्यांचे वर्णन आहे. मात्र महाराजांचे रूपवर्णन करताना, ज्यांनी त्यांस पाहिले त्यांच्याकडून हे ऐकले, असे तो प्रामाणिकपणे सांगतो. तिसरी वार्ता फ्रेंच प्रवासी बर्निए ह्याची. तो त्या वेळी सुरतेत नव्हता. तरी कॅपुचिन पाद्र्यांच्या घरास महाराजांनी धक्का लागू दिला नाही, ही आठवण त्याने जपून ठेवली आहे. आणि बादशहाने आपल्या मुलखावर स्वारी करून आप्तांस मारले, त्याचा सूड घेण्यासाठी आपण आलो आहोत, हे महाराजांच्या तोंडचे कारण तर परकीयांच्याच नोंदींत सापडते. शाएस्ताखान तीन वर्षे पुण्यास ठाण मांडून बसला होता, ही पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे त्या कारणाचे वजन कळते.

ह्या वार्तांपैकी एकच निवडून बाकीच्या फेकून देण्याचा मोह दोन्ही बाजूंस होतो. मराठी वाचकास बखर पुरेशी वाटते; सुरतकरास जळलेल्या पेढ्यांची आठवण पुरेशी वाटते. सुरतेत राहणारा मराठी मनुष्य मात्र ह्या दोन स्मृतींच्या मधोमध उभा आहे. त्याचे दैवत रायगडावर आहे आणि त्याचे घर तापीच्या काठी आहे. हीच हॅलिकार्नाससची भूमी होय. हिरोडोटस येथे असता तर त्याने विरजी व्होरासारख्या सावकारांच्या वंशजांसही विचारले असते आणि मावळ्यांच्या नातवांसही. कोणती गोष्ट कोणाकडून कळली हे सांगून दोन्ही बाजू शेजारी मांडल्या असत्या. आणि ते परस्परांशी का लढले, हा प्रश्न शेवटपर्यंत सोडला नसता.

असे लिहिणे म्हणजे कोणताच पक्ष न घेणे, असा गैरसमज होऊ नये. हिरोडोटसचे मन स्वातंत्र्याच्या बाजूस आहे, हे तो लपवीत नाही. अथेन्सने ग्रीस वाचविला, हे आपले मत बहुतेकांस रुचणार नाही हे ठाऊक असूनही तो ते उघडपणे मांडतो. परंतु ह्या मतासाठी त्यास क्षयार्षाचे मनुष्यत्व हिरावून घ्यावे लागत नाही. आपली अफाट सेना पाहताना, शंभर वर्षांनी ह्यांतील एकही जिवंत नसणार, ह्या विचाराने रडणारा क्षयार्ष त्यानेच रंगविला आहे. स्वराज्यावर निष्ठा ठेवूनही लुटीत होरपळलेल्या नगराचे दुःख नोंदविता येते, हा धडा त्याच्यापासून घेण्यासारखा आहे.

त्याचे दोषही सांगितले पाहिजेत. क्षयार्षाच्या स्वारीतील माणसांची संख्या तो ५२,८३,२२० देतो. एवढ्या माणसांस पाणी तरी कोठून पुरले असते? आपल्या बखरींतील लाखांच्या फौजांची येथे आठवण होते. त्याने पात्रांच्या तोंडी घातलेली भाषणे त्याचीच रचना आहेत. देववाणी आणि स्वप्ने ह्यांस तो फार मान देतो. त्याच्यानंतरच्या थ्युसिडिडीसने कठोर छाननीचा मार्ग धरला. आपल्याकडे राजवाड्यांनी १८९८ मध्ये पानिपतकालीन पत्रांचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि बखरींपेक्षा अस्सल पत्रांस प्रमाण मानले, ते ह्याच जातीचे कार्य होय. त्या छाननीची थोरवी निर्विवाद आहे. तरीही लोक स्वतःविषयी काय सांगत होते, हे जाणण्यासाठी पुन्हा हिरोडोटसकडेच यावे लागते.

नव्या वाचकाने पहिल्या भागातील क्रीसस आणि सोलन ह्यांच्या संवादापासून आरंभ करावा. नंतर तिसरा भाग घ्यावा. मृतांस दहन करणारे ग्रीक आणि मृतांस भक्षण करणारे एक भारतीय लोक ह्यांस दारयवहूने समोरासमोर विचारलेला प्रश्न तेथे आहे. कितीही द्रव्य दिले तरी दोघांपैकी कोणीही दुसऱ्याची रीत पत्करीत नाही. त्यानंतर सातवा, आठवा आणि नववा हे भाग सलग वाचावेत. इजिप्त व सिथिया ह्यांना वाहिलेले दुसरा आणि चौथा हे भाग मागाहून सवडीने वाचले तरी चालेल. इंग्रजीत रॉलिन्सनचे १८५८ पासूनचे भारदस्त भाषांतर आहे, आणि द सेलिंकोर्टचे १९५४ चे भाषांतर अधिक सुगम आहे.

वाचताना एक वही जवळ असावी. लेखकाने स्वतः पाहिलेले, ऐकलेले आणि तर्काने ठरविलेले तीन रकान्यांत टिपीत जावे. काही दिवसांनी हीच वही घेऊन सभासदाची बखर आणि इंग्रज वखारीची पत्रे वाचावयास बसावे. आपल्या नगरीचा इतिहास तेव्हा निराळ्या रीतीने दिसू लागेल.